दाद कुठे पडते ते पाहा

ताई, तुमची मुलगी 14 वर्षांची, शास्त्रीय गायनाच्या मध्यमा परीक्षेची तयारी करते आहे. सोसायटीच्या गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगला, नातेवाइकांकडे ती गायली की सगळे ‘अप्रतिम’, ‘अंगावर काटा आला’, ‘हिला टीव्हीवर पाठवा’ म्हणतात. गुरुजी मात्र एवढ्या वर्षांत ‘हं, पुढे’ याच्यापलीकडे गेले नाहीत. आता ती म्हणते, गुरुजींना माझं गाणं आवडतच नाही, क्लास बदलू या. आणि तुम्ही विचारता, यातलं खरं कौतुक कोणाचं धरायचं?

मी पेटीची साथ करतो आणि शिकवतो, बऱ्याच वर्षांपासून. साथीदाराची जागा अशी असते की गायक बाजूने दिसतो आणि श्रोते थेट समोर. कोण कुठे मान डोलावतो, कोणाचा हात कुठल्या मात्रेला मांडीवर पडतो, कोण डोळे मिटतो आणि कोण मोबाइल काढतो, हे सगळं आम्हाला दिसतं. ते पाहत आल्यावर माझं मत असं झालं आहे की कौतुकाच्या बाबतीत खरं-खोटं हा प्रश्न फारसा कामाचा नाही. खोटं बोलणारे थोडे असतात. बहुतेक लोक आपल्या कानापर्यंत जे पोचलं त्याबद्दल मनापासून बोलतात. त्यामुळे कौतुकातून गाणाऱ्याची जितकी ओळख होते, त्यापेक्षा कौतुक करणाऱ्याची जास्त होते. एकदा ते वाचता आलं की तुमच्या मुलीला मिळणाऱ्या प्रत्येक शब्दाची किंमत आपोआप ठरत जाईल.

भूप राग घ्या, तो तिला येतच असणार. सा रे ग प ध, पाच स्वर. हेच पाच देशकार रागातही आहेत. फरक मुक्कामाचा आहे: भूप गंधारावर (ग) राहतो, देशकार धैवतावर (ध). भूप संध्याकाळचा, संथ. देशकार सकाळचा, वरच्या अंगाने चालणारा. भूप गाताना गायक तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या ‘सा’कडे, निघाला आणि वाटेत धैवतावर थोडा जास्त रेंगाळला की देशकार डोकावतो. म्हणून चांगला गायक धैवताला नुसता स्पर्श करतो आणि पंचमावरून (प) मींडेने, म्हणजे आवाज न तोडता घसरत, गंधारावर उतरतो. हे दोन-तीन सेकंदांत होऊन जातं. आवाज चढत नाही, तबला जोरात वाजत नाही, सम, म्हणजे तालाची पहिली मात्राही, अजून लांब असते. सभागृहातल्या बहुतेकांच्या लेखी तिथे काहीच घडलेलं नसतं. आणि नेमकं त्याच जागी तिसऱ्या रांगेतून कोणीतरी हलकेच ‘आहा’ म्हणतं.

त्या एका ‘आहा’वरून मला त्या माणसाबद्दल किती तरी कळतं. त्याला देशकार ठाऊक आहे. धोका कुठे होता ते ठाऊक आहे. गायक तिथे काय करणार याची तो आधीपासून वाट पाहत होता, म्हणजे तो गायकाच्या बरोबरीने चालत होता. आणि आजूबाजूला कोणीही दाद देत नसताना त्याच्या तोंडून ती निघाली, म्हणजे ती दुसऱ्या कोणासाठी नव्हती. गायकालाही हे कळतं. अशा वेळी गायकाची नजर तिसऱ्या रांगेकडे वळते आणि पुढचा अर्धा तास तो त्या एका माणसासाठी गातो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

तोच गायक पुढे द्रुतात, म्हणजे जलद लयीत, तीन सप्तकांतून सपाट तान काढतो आणि सगळं सभागृह टाळ्यांनी भरून जातं. ती दादही मनापासूनची असते. वेग सगळ्यांना ऐकू येतो, तार सप्तकातला लांबवलेला षड्ज सगळ्यांना ऐकू येतो. त्या दादेतून कळतं ते एवढंच, की लोकांना थक्क व्हायला आवडलं. अशा टाळ्यांना कमी लेखू नये. पण शिकणाऱ्या मुलाने फक्त त्यांच्याच मागे जायचं ठरवलं तर काय होतं, हेही मी पाहतो. पंधरा-सोळाव्या वर्षी तान तयार असते, खर्ज, म्हणजे खालचे स्वर, मात्र लागत नाही. तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा, चोख येते आणि साधा गंधार दहा सेकंद स्थिर ठेवता येत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये समेची दाद. विलंबित एकतालाच्या 12 मात्रा. लय संथ असेल तर एक आवर्तन पाऊण मिनिट, कधी मिनिटभरही चालतं. तेवढा वेळ गायक बोलआलाप करत दूर भटकून येतो, दहाव्या-अकराव्या मात्रेच्या आसपास मुखडा, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीची ओळ, उचलतो आणि अचूक समेवर येऊन बसतो. शंभर हात एकदम पडतात. या दादेत जाणकारी कमी आणि एकत्र असल्याचा आनंद जास्त असतो. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात, जो भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ 1953 मध्ये सुरू केला, मंडपात हजारो माणसं असतात आणि समेची ‘वा’ पुढच्या रांगांतून मागे लाटेसारखी जाते. काहींची ‘वा’ अर्ध्या मात्रेने उशिरा येते. शेजाऱ्याचा हात पडला की त्यांचा पडतो. त्यांना कोणी हसू नये असं मला वाटतं. आपल्याला कळावं अशी त्यांची इच्छा त्या उशिरा आलेल्या ‘वा’मध्ये दिसते, आणि आजचे कितीतरी चांगले श्रोते शेजाऱ्याचा हात पाहत पाहतच तयार झाले आहेत.

दाद नसण्यातूनही कळतं. मारवा राग रंगला की षड्ज फार वेळ टाळला जातो. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यातच गाणं फिरत राहतं, आणि ऐकणाऱ्याला आतून एक ओढ लागते. अशा वेळी जो श्रोता गप्प आहे, पुढे झुकला आहे, त्याने मोठी दाद दिलेली असते. किशोरीताई आमोणकर श्रोत्यांकडून शांततेची अपेक्षा ठेवत, आणि ती मोडली तर त्यांना खपत नसे. काही लोकांना ते कडक वाटे. मला मात्र त्यांचं म्हणणं पटतं: त्या शांततेत श्रोते आपलं लक्ष पूर्ण देतात.

गाण्याबाहेरही हेच. मिरजेत तंतुवाद्यांच्या दुकानात थोडा वेळ बसा. तानपुरा बघायला आलेला एखादा ग्राहक भोपळ्यावरची नक्षी पाहून ‘काय देखणा आहे’ म्हणतो. दुसरा दांडी सरळ आहे का ते नजरेने पाहतो. तिसरा काही बोलत नाही. तो तारा छेडतो, कान भोपळ्याजवळ नेतो, घोडीवरचा दोरा किंचित सरकवतो, पुन्हा छेडतो आणि मग म्हणतो, ‘जवारी (तारेचा झणकार) छान उघडली आहे.’ वाद्य तेच आणि कौतुक तिघांचंही खरं. कारागीर मात्र चहा तिसऱ्यासाठी मागवतो.

आता तुमच्या नातेवाइकांचं ‘अप्रतिम’. आत्या, मामा, शेजारच्या काकू हे म्हणतात तेव्हा त्यांनी गाण्याचं मोजमाप केलेलं नसतं. त्यांना ती मुलगी आवडते, तिने धीटपणे चार लोकांत गायलं याचा त्यांना अभिमान वाटतो, आणि त्यासाठी त्यांच्याकडे हाच एक शब्द असतो. तो माया म्हणून घ्यायला तिला शिकवा. मायेची तिला गरज आहे, गुरुजींच्या दादेइतकीच. गोंधळ होतो तो मायेचा शब्द गाण्याचं प्रमाणपत्र म्हणून भिंतीवर लावला की. मग जो तसं म्हणत नाही तो शत्रू वाटायला लागतो, आणि तुमच्या घरात नेमकं हेच झालेलं दिसतं.

काही कौतुकात तिसरा माणूस असतो. ‘तुमची मुलगी तर दुसरी लता होणार’, ‘त्या जोश्यांच्या मुलीपेक्षा कितीतरी पटीने छान’. अशा वाक्यात तुमच्या मुलीचं गाणं कुठेच नसतं. बोलणाऱ्याला माहीत असलेली मोजपट्टी तेवढी असते. मोजपट्टी वाईटच असं नाही. आपल्याकडे तर स्तुतीनेच माणसांची नावं बदलली. नारायण श्रीपाद राजहंसांना बालगंधर्व ही उपाधी लोकमान्य टिळकांनी दिली असं सांगतात. रामभाऊ कुंदगोळकरांचे सवाई गंधर्व झाले. शिवपुत्र कोमकली हा लहानगा कुमार गंधर्व झाला. त्या काळातल्या लोकांकडे गाण्याची सर्वांत उंच मोजपट्टी गंधर्वांची होती, आणि नावांकडे एका ओळीत पाहिलं तर तो काळ कोणत्या उंचीकडे पाहत होता हे दिसतं. कुमारजी मात्र त्या मोजपट्टीत राहिले नाहीत. लहान वयात दुसऱ्यांच्या गायकीची हुबेहूब नक्कल करून वाहवा मिळवणारा हा मुलगा पुढे स्वतःचं असं गाणं गायला, ज्याला सुरुवातीला सगळ्यांची दाद मिळाली नाही. मुलीला ही गोष्ट जरूर सांगा.

याहून त्रासदायक प्रकार म्हणजे अटीसकट येणारं कौतुक. ‘मुलगी असून आवाजात किती ताकद’, ‘खेड्यातून येऊनसुद्धा उच्चार किती स्वच्छ’. इथे बोलणारा आपली खालची अपेक्षा उघड करून दाखवतो. हिराबाई बडोदेकरांच्या काळात घरंदाज बाईने तिकीट लावून जाहीर मैफल करणं हेच अनेकांना रुचत नव्हतं; त्यांनी ते केलं आणि पुढच्या कितीतरी जणींची वाट मोकळी झाली. एवढं होऊनही ‘मुलगी असून’ आजही ऐकू येतं. तुमच्या मुलीला हे कोणी म्हटलं तर आभार मानून पुढे जावं, आणि घरी तुम्ही तिला स्पष्ट सांगावं की त्या वाक्यातला पहिला भाग तिच्याबद्दल नाही.

एका बाबतीत मात्र पालकांनी फार जपायला हवं, आणि ते म्हणजे ‘गळा देवदत्त आहे’ हे कौतुक. हे आपल्याकडे सगळ्यांत मोठं मानलं जातं. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांना आधी सोपी कोडी दिली. ती सुटल्यावर काहींना सांगितलं, ‘तू हुशार आहेस’; काहींना सांगितलं, ‘तू मेहनत घेतलीस’. मग अवघड कोडी दिली, जिथे सगळेच अडखळले. त्यानंतर पुन्हा सोप्या कोड्यांवर आल्यावर ‘हुशार’ म्हटलेल्या मुलांची कामगिरी सुरुवातीपेक्षा घसरली, ‘मेहनती’ म्हटलेल्यांची सुधारली. त्याहून मनाला लागणारी गोष्ट पुढे आहे. आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलासाठी कागदावर लिहायला सांगितले, तेव्हा ‘हुशार’ गटातल्या दर दहांपैकी जवळपास चौघांनी ते वाढवून लिहिले. ज्याला हुशारीवरून ओळखलं गेलं, त्याला अपयश लपवावंसं वाटलं.

मला यात आमचे विद्यार्थी स्पष्ट दिसतात. ‘देवाने गळा दिलाय’ असं ऐकत वाढलेलं मूल नवा राग घ्यायला कचरतं. येत असलेल्या चार बंदिशी गोड गातं, आणि तोडीतला अतिकोमल गंधार लागला नाही की घसा बसला असं सांगतं. ते खोटं बोलत नसतं, घाबरलेलं असतं. दिलेली देणगी चुकीची ठरेल याची भीती.

दुसरा अभ्यास नेदरलँड्समधला, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला. मुलांना एका चित्राची नक्कल करायला सांगितली. काहींना ‘सुंदर’ म्हटलं, काहींना ‘अविश्वसनीय सुंदर’. मग पुढचं चित्र निवडायला दिलं: सोपं किंवा अवघड. ज्या मुलांना स्वतःबद्दल फारसा विश्वास नव्हता, ती फुगवलेल्या कौतुकानंतर सोप्याकडे वळली. आणि मोठी माणसं फुगवलेलं कौतुक नेमकं अशाच मुलांना जास्त करतात, हेही संशोधकांना आढळलं. आपण पोटतिडकीने, त्याला उभारी यावी म्हणून बोलतो. आणि मुलाला त्यात आपली काळजी ऐकू जाते. माझ्या क्लासमध्येही मी पाहतो की ज्याच्याबद्दल पालक आतून साशंक असतात, त्याच्यासाठीच सगळ्यांत मोठे शब्द वापरले जातात.

आता गुरुजी. वुल्फ-उवे मायर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं आहे की सोप्या कामासाठी कोणाची भरघोस तारीफ झाली तर पाहणारी मोठी माणसं असं समजतात की तारीफ करणाऱ्याला त्याच्याकडून फार अपेक्षा नाही. आणि जिथे चुकल्यावर बोल लावला जातो, तिथे क्षमता मोठी मानली जाते. तालमीत हे रोज घडतं. ज्या शिष्याकडून पुढचं काही निघणार नाही असं गुरूला वाटतं, त्याला ‘छान’ म्हणून मोकळं करणं फार सोपं असतं. ज्याला थांबवायचं, पुन्हा म्हणायला लावायचं, त्याच्यावर गुरूचा वेळ आणि गळा दोन्ही खर्च होतात. केसरबाई केरकर 1921 च्या सुमारास अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकायला लागल्या, आणि 1946 मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत ती तालीम चालू राहिली. मधल्या काळात त्या नामवंत झाल्या होत्या. रवींद्रनाथ ठाकुरांना त्यांचं गाणं फार आवडे. तरी शिकणं थांबलं नाही. बाहेर एवढी दाद मिळत असताना जो शिष्य पुन्हा समोर येऊन बसतो, त्याला गुरूच्या ‘पुढे’ची किंमत कळलेली असते.

तुमच्या गुरुजींचं ‘हं, पुढे’ काय सांगतं हे मी इथे बसून ठरवू शकत नाही, पण कशावरून ठरवायचं ते सांगतो. शब्द सोडा, कृती बघा. ‘पुढे’ म्हणजे खरोखर पुढे जातं का? नवा राग, जास्त अवघड बंदिश, विलंबिताची सुरुवात, तानपुऱ्यावर एकटीला बसवणं, क्लास संपल्यावर दहा मिनिटं थांबवून घेणं, स्वतःच्या मैफलीत मागे तानपुऱ्याला बसवणं, यातलं काही होत असेल तर ती त्यांची दाद आहे. गुरूच्या मागे तानपुरा धरायला मिळणं ही आमच्या क्षेत्रात हजार टाळ्यांपेक्षा मोठी गोष्ट मानतात.

मात्र दुसरी बाजूही स्पष्ट सांगतो, कारण आमच्यात अबोला मिरवण्याची वाईट सवय आहे. ‘आमच्या गुरूंनी आयुष्यभर आम्हाला बरं म्हटलं नाही’ असं अभिमानाने सांगणारे पुष्कळ आहेत. मला यात अभिमानासारखं काही दिसत नाही. 14 वर्षांच्या मुलीला आपलं काय बरोबर झालं हे कळायला हवं, कारण ते कळलं नाही तर ती तेच पुन्हा कसं करणार? मी माझ्या विद्यार्थ्यांना ‘छान’ क्वचित म्हणतो, पण ‘आज पंचमावरून गंधारावर आलीस ती जागा बसली, तशीच रोज ये’ हे म्हणतोच. त्याने मूल फुगत नाही आणि कोमेजतही नाही. त्याला पत्ता मिळतो. ज्या गुरूकडून तोही मिळत नाही, तिथे गप्प राहण्याचा अर्थ मोठी अपेक्षा असाच असेल असं समजू नका. तो नुसता कंटाळाही असू शकतो.

तेव्हा क्लास बदलण्याआधी दोन गोष्टी करा. पुढच्या वेळी ती कुठे गाऊन आली की ‘किती छान गायलीस’ म्हणण्याआधी तिलाच विचारा, आज कुठली जागा मनासारखी लागली आणि कुठली निसटली? सुरुवातीला ती ‘सगळंच बरं झालं’ म्हणेल. विचारत राहा. दोन-तीन महिन्यांत ती ‘अंतऱ्यातला तार षड्ज जरा खाली लागला, पण मुखडा प्रत्येक वेळी बरोबर आला’ असं सांगायला लागेल. तुम्हाला गाण्यातलं काही कळत नसलं तरी चालेल; विचारायला कळावं लागत नाही.

आणि एकदा तुम्ही स्वतः, तिला न घेता, गुरुजींना भेटा. ‘तिचं कसं चाललंय’ असं विचारू नका, ‘ठीक आहे’ एवढंच उत्तर मिळेल. विचारा की या वर्षात तिच्या कुठल्या गोष्टी बसल्या आणि कुठल्या अजून कच्च्या आहेत. जो गुरू ऐकत आला आहे त्याला हे तोंडपाठ असतं: खर्ज सुधारला, लयीत घाई करते, यमनातला निषाद चढा लावते, बोल फेकून म्हणते. असं ऐकायला मिळालं तर क्लास अजिबात बदलू नका, आणि त्यातलं जे बसलं आहे ते तिला कधीतरी तोंडाने सांगा अशी विनंती त्यांनाच करा. बहुतेक जण ऐकतात. एवढ्या वर्षांनंतरही ते तिच्या गाण्यातली एक जागा नेमकी सांगू शकले नाहीत, तर मनात काही न ठेवता दुसरा गुरू शोधा.